मूत्रविकारांवरील चिनी उपचार : काय स्वीकारावे, काय टाळावे

ताळेबंद आणि शस्त्रक्रियांचे तक्ते यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, असा आपल्या वार्षिक अहवालाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्ही निवडलेला नसून तो आमच्यापुढे चालून आला. आमच्या एका जुन्या देणगीदारांनी रुग्णालयात चिनी उपचारांचा स्वतंत्र विभाग सुरू व्हावा, अशी इच्छा व्यक्त केली आणि त्यासाठी भरीव रक्कम देण्याची तयारी दाखविली. त्यांच्या घरातील एका वयोवृद्ध भगिनीस वारंवार होणाऱ्या लघवीच्या त्रासात ॲक्युपंक्चरने आराम पडला होता; तसा तो कन्हान परिसरातील गरीब रुग्णांनाही मिळावा, हा त्यांचा हेतू. हेतू निर्मळ होता आणि रक्कम मोठी होती. म्हणूनच विश्वस्त मंडळाने तातडीने होकार अथवा नकार न देता वैद्यकीय विभागास या विषयाचा अभ्यास करून मत देण्यास सांगितले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते, आणि त्यावर झालेला निर्णय, आपणां सर्वांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

आपल्याकडे लघवीला जळजळ होऊ लागली, थेंब थेंब होऊ लागली, की घरातील वडीलधारी माणसे 'उन्हाळी लागली' असे म्हणतात. शब्दातच निदान आले : अंगात उष्णता झाली, ती लघवीवाटे त्रास देत आहे. मग धण्याचे पाणी, सब्जा, जवाचे पाणी, ताक असे उपाय सुरू होतात. चिनी वैद्यकाचा विचार याच वाटेने जातो, हे वाचताना आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले. शरीराच्या खालच्या भागात उष्णता आणि ओल एकत्र साचली की मूत्राशयाचे काम बिघडते, अशी त्यांची मांडणी आहे. या त्रासांच्या समूहाला ते 'लिन' म्हणतात. इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या नावे असलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन आढळते. लघवीतून राळ्याच्या दाण्यांसारखे कण पडतात, ओटीपोट ताणल्यासारखे होते आणि कळ बेंबीपर्यंत जाते, असा त्याचा आशय. आज आमच्या बाह्यरुग्ण विभागात मूतखड्याचा रुग्ण जे सांगतो, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

पुढील वैद्यांनी लिनचे प्रकार पाडले. उष्णतेचा, खड्याचा, रक्ताचा, वायूचा, दुधाळ लघवीचा आणि श्रमाचा. आपल्या आयुर्वेदात चरकाचार्यांनी मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत; दोन्ही यादी शेजारी ठेवल्या तर बरीच घरे जुळतात. दुधाळ लघवीचा प्रकार वाचताना पूर्व विदर्भातील डॉक्टरांना हत्तीरोग आठवल्यावाचून राहणार नाही, कारण त्या रोगाच्या कृमींमुळे रसवाहिन्या तुंबून काही रुग्णांना दुधासारखी पांढरी लघवी होते. श्रमाच्या लिनचे वर्णन तर अधिकच मार्मिक आहे : बरे वाटते, काम वाढले की पुन्हा उलटते, असे महिनोन्‌महिने चालते. शेतावर, वीटभट्टीवर राबणाऱ्या कित्येक भगिनींची तक्रार शब्दशः हीच असते.

निरीक्षण इतके सूक्ष्म असूनही कारण मात्र त्या काळात कळणे शक्य नव्हते, कारण ते डोळ्यांना दिसणारे नव्हते. लघवीच्या बहुतेक जंतुसंसर्गांमागे आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय हा जंतू असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असल्याने तो जंतू मूत्राशयात सहज पोहोचतो, आणि म्हणूनच सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. 'उन्हाळी' या शब्दात मग काहीच तथ्य नाही काय? आहे, पण वेगळ्या अर्थाने. नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घामावाटे पाणी निघून जाते, लघवी कमी आणि दाट होते, आणि आत शिरलेले जंतू धुऊन जाण्याऐवजी मूत्राशयात ठाण मांडतात. उष्णता जंतू निर्माण करीत नाही. ती त्यांना मुक्काम करू देते.

पुडीतील औषध

चिनी वैद्यकात उष्णतेच्या लिनवर दिले जाणारे सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे 'पा चंग सान', अर्थात आठ द्रव्यांचे चूर्ण. सुमारे ९०० वर्षांपूर्वी सोंग राजवटीच्या शासकीय औषधालयाने सिद्ध केलेल्या संग्रहात त्याची नोंद आहे. घटकद्रव्ये पाहिली तर आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातच आल्यासारखे वाटते. त्यात ज्येष्ठमध आहे. शंखजिरे आहे. इसबगोलाच्या कुळातील एका वनस्पतीचे बी आहे. डिकेमालीच्या कुळातील एक फळ आहे. रेवाचिनी आहे, जिच्या नावातच चीन वसलेला आहे. लघवी वाढविणारी आणि पोट साफ करणारी ही द्रव्ये रुग्णाला काही काळ हलके वाटायला लावतात, यात नवल नाही.

तथापि याच चूर्णात 'मुथोंग' नावाची एक वेल पडते, आणि आमच्या अभ्यासातील सर्वांत गंभीर भाग येथे सुरू होतो.

मूळ मुथोंग ही एक निरुपद्रवी वेल होती. विसाव्या शतकात चिनी बाजारात तिच्या जागी त्याच नावाने दुसरीच एक वेल विकली जाऊ लागली. ही दुसरी वेल ॲरिस्टोलोकिया या कुळातील असून तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाचे द्रव्य असते. या द्रव्याचे स्वरूप जगाला कळले ते चीनमध्ये नव्हे, तर बेल्जियममध्ये. १९९० ते १९९२ या काळात ब्रुसेल्स शहरातील एका वजन कमी करण्याच्या केंद्रात स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. तेथेही नावाचाच घोटाळा झाला. 'हान-फांगची' हवी होती आणि 'क्वांग-फांगची' आली. एका पदाचा फरक, पण दुसरी वनस्पती ॲरिस्टोलोकियाची. तरुण, धडधाकट स्त्रिया मूत्रपिंड निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागल्या. १९९३ मध्ये तेथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी कारण प्रसिद्ध केले. बाधितांची संख्या पुढे १०० च्या वर गेली. त्यांपैकी ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासण्यात आल्या, त्यांतील १८ जणांना मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला, असे २००० मध्ये जाहीर झाले. चीनने मुथोंगच्या नावे विकल्या जाणाऱ्या त्या दुसऱ्या वेलीचा वापर २००३ मध्ये बंद केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकिक आम्लाची गणना मानवास कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केली आहे.

हे द्रव्य मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत शिरून त्यांच्या जनुकद्रव्याला चिकटते. नलिका आक्रसतात, त्यांच्या जागी वण तयार होतो. औषध थांबविले तरी ही प्रक्रिया पुष्कळदा थांबत नाही. सर्वांत घातक बाब अशी की यात दुखत काहीच नाही. लघवी होत राहते, जळजळही कमी झालेली असते, आणि रुग्ण समाधानी असतो. लघवीच्या त्रासासाठी घेतलेले औषधच लघवी तयार करणारा अवयव संपवीत असते आणि रक्ततपासणी केल्याशिवाय त्याचा सुगावा लागत नाही.

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडील ईश्वरी, जिला काही भागांत सापसन म्हणतात, ती याच ॲरिस्टोलोकिया कुळातील आहे. लोकवैद्यकात सर्पदंशापासून बाळंतपणापर्यंत अनेक कारणांसाठी तिचा वापर होत आला आहे. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक आहे, ही आपली समजूत चिनी औषधांपुरती चुकीची आणि देशी औषधांपुरती बरोबर, असे म्हणता येणार नाही. नोंदणीकृत आयुर्वेद वैद्य नाव, मात्रा आणि मुदत लिहून औषध देतात, तेव्हा त्यांना विचारता येते, तपासता येते. शिबिरात मिळालेल्या बिननावाच्या पुडीला काय विचारावे?

गुणाची बाजूही आम्ही पाहिली. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांवर चिनी वनस्पतींचा उपयोग किती होतो, याचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये घेतला. त्यात ७ चाचण्या आणि ५४२ स्त्रिया होत्या. निष्कर्ष काहीसे अनुकूल दिसले, परंतु चाचण्यांचा दर्जा इतका कमकुवत होता की त्यांवर विसंबून सल्ला देता येत नाही, असे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले. आमचेही मत त्याहून निराळे नाही.

सुई आपल्याकडे कशी आली

सुईची कथा मात्र वेगळी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या नागपूरशी जुळलेला आहे.

१९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर निधी गोळा झाला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात ५ डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. बिजोयकुमार बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीसांचे नाव चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. चोळकरांचे नाव मात्र त्यांच्याच शहरात आज किती जणांना ठाऊक असेल, याची शंका वाटते.

हे पाचही जण आधुनिक वैद्यकाचे पदवीधर. ते चीनला सुया शिकायला गेले नव्हते, तर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला गेले होते. परंतु त्या ओळखीतून पुढे एक उलट प्रवाह सुरू झाला. डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. भारतातील ॲक्युपंक्चरचा आरंभ बहुधा तेथून मानला जातो. आज महाराष्ट्रात या उपचारांसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि केंद्र शासनाने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे सुई टोचणारा कोण, त्याचे शिक्षण व नोंदणी काय, हे रुग्णाला विचारता येते आणि विचारलेच पाहिजे.

लघवीच्या तक्रारींसाठी सुया कोठे टोचतात? काही ओटीपोटावर, काही कमरेच्या खाली माकडहाडाच्या भागात, आणि एक हमखास पायाच्या आतील घोट्याच्या चार बोटे वर. या शेवटच्या जागेला चिनी भाषेत 'सान-यिन-च्याओ' म्हणतात. पायाला टोचून मूत्राशय शांत कसे होईल, असा प्रश्न कोणालाही पडेल. चिनी वैद्यक त्याचे उत्तर शरीरातील ऊर्जेच्या वाहिन्यांनी देते. शरीररचनाशास्त्राकडे आणखी साधे उत्तर आहे. घोट्याच्या आतील बाजूने जाणारी मज्जा पाठीच्या कण्यातील ज्या खालच्या भागातून निघते, त्याच भागातून मूत्राशयाच्या मज्जाही निघतात. पाश्चात्त्य मूत्ररोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात या मज्जेला विजेचे सौम्य झटके देऊन पाहिले. अतिसंवेदनशील मूत्राशयाच्या रुग्णांना वारंवार व घाईची लघवी होण्यात आराम पडतो असे दिसले, आणि २००० मध्ये अमेरिकेत त्या उपकरणास मान्यताही मिळाली. सुई टोचण्याची जागा चिनी बिंदूच्या अगदी जवळची आहे. कारण न कळताही जागा बरोबर सापडू शकते, याचे हे चांगले उदाहरण.

पुरावा येथे पुडीपेक्षा भक्कम आहे. चीनमध्ये ५०४ स्त्रियांवर झालेली एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटणे, ही तक्रार बाळंतपणांनंतर अनेकींना असते आणि लाजेपोटी कोणी बोलत नाही. चाचणीतील निम्म्या स्त्रियांना माकडहाडाजवळ विद्युत-ॲक्युपंक्चर दिले, निम्म्यांना केवळ दिखाऊ उपचार दिला. ६ आठवड्यांत १८ बैठका झाल्या. ठराविक तपासणीत मोजलेली लघवीची गळती पहिल्या गटात सरासरी ९.९ ग्रॅमने कमी झाली, दुसऱ्यात २.६ ग्रॅमने. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांबाबत नॉर्वेमध्ये दोन छोटे अभ्यास झाले. १९९८ च्या अभ्यासात ६७ स्त्रिया होत्या. ६ महिन्यांत संसर्ग न झालेल्यांचे प्रमाण खऱ्या सुया टोचलेल्या गटात ८५ टक्के, दिखाऊ सुयांच्या गटात ५८ टक्के आणि काहीच न केलेल्या गटात ३६ टक्के होते. २००२ च्या अभ्यासात ९८ स्त्रिया होत्या आणि तेथे हे प्रमाण सुयांच्या गटात ७३ टक्के व उपचार न केलेल्या गटात ५२ टक्के निघाले. पहिल्या अभ्यासातील मधला आकडा बोलका आहे. दिखाऊ सुईनेही बरेच जणींना बरे वाटले. कोणी तरी आपुलकीने विचारपूस करते, अर्धा तास निवांत पडायला मिळते, याचाही त्यात वाटा असावा. आमच्या धावपळीच्या बाह्यरुग्ण विभागात ते मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

एवढ्यावरून आमच्या देणगीदारांच्या घरातील भगिनीस आराम पडला तो खोटा नव्हता, असे आम्ही म्हणतो. त्याच वेळी सुई काय करू शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सुईने अंगात भिनलेला जंतुसंसर्ग जात नाही. अडकलेला खडा सुटून अडथळा दूर होईल, अशी खात्री नाही. वाढलेल्या प्रोस्टेटने तुंबलेली लघवी मोकळी होत नाही. गरोदरपणी घोट्याजवळच्या व ओटीपोटावरच्या जागा टोचू नयेत, असे ॲक्युपंक्चरचे जाणकारही सांगतात. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी. एकच सुई अनेकांना टोचली तर काविळीचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

येथे एका रुग्णाची हकिगत सांगणे भाग आहे. ओळख पटेल असा तपशील आम्ही वगळला आहे. नदीपलीकडच्या एका गावचे, साठी ओलांडलेले गृहस्थ. रात्री चार-पाच वेळा उठावे लागे, धार बारीक, शेवटी थेंब. एका फिरत्या शिबिरात त्यांना सुया टोचण्यात आल्या आणि तीन महिन्यांच्या पुड्या देण्यात आल्या. पहिल्या पंधरवड्यात खरोखरच बरे वाटले. जळजळ गेली म्हणून त्यांनी आणखी पुड्या मागविल्या. नंतर पायांवर सूज आली, अन्नावरची वासना गेली, तेव्हा घरच्यांनी त्यांना आमच्याकडे आणले. ओटीपोट बेंबीपर्यंत टणक लागत होते. रक्तातील क्रिएटिनीन खूप वाढलेले होते. लघवीची नळी घालताच साठलेली लघवी वाहू लागली आणि मुलगा थक्क होऊन पाहत राहिला, कारण वडिलांना लघवी होत नाही असे त्याला कधी वाटलेच नव्हते. ती तर सतत थेंब थेंब होत होती. काठोकाठ भरलेल्या माठातून पाणी पाझरावे, तसा तो प्रकार होता. मूत्राशयातील दाब मागे मूत्रपिंडांवर जात राहिला होता. पुढे प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडांचे काम काही प्रमाणात सुधारले, पूर्ववत झाले नाही. पुडीत नेमके काय होते ते आम्हांस शेवटपर्यंत समजले नाही, कारण रिकाम्या पुड्या घरच्यांनी चुलीत घातल्या होत्या. पुडीने किती बिघडविले आणि उशिराने किती, हे म्हणूनच सांगता येत नाही. साध्या सोनोग्राफीने पहिल्याच दिवशी निदान झाले असते, एवढे मात्र निश्चित.

विश्वस्त मंडळापुढे

हे सारे मंडळापुढे मांडले तेव्हा चर्चा बराच वेळ चालली. विभाग सुरू करावा असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड होता : लघवी सुटण्याच्या तक्रारीसाठी सुईचा उपयोग होतो आणि धोका अल्प आहे, मग गरीब भगिनींना तो का नाकारावा? त्यावर आमच्या परिचारिकांनी एक हिशेब मांडला. १८ बैठका म्हणजे आठवड्यातून तीन वेळा येणे, १८ वेळा जाण्यायेण्याचे भाडे आणि १८ दिवसांची बुडालेली मजुरी. औषध मोफत असले तरी रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला हा उपचार मोफत पडत नाही. याउलट ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम एकदा नीट शिकविला की तो स्वयंपाक करतानाही करता येतो, त्याला खर्च नाही आणि त्याच्या उपयोगाविषयी पुरावाही चांगला आहे. तो शिकवायला कोणी तरी अर्धा तास बसले पाहिजे, इतकेच. आजवर आम्ही तेवढे बसत नव्हतो.

अखेर असे ठरले. चिनी वनौषधी रुग्णालयात दिल्या जाणार नाहीत. ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग तूर्त सुरू होणार नाही. ज्या भगिनींना व्यायामाने तीन महिन्यांत आराम पडणार नाही आणि ज्यांना नागपूरला जाणे परवडेल, त्यांना नोंदणीकृत ॲक्युपंक्चर तज्ज्ञाकडे पाठविण्यात येईल, तेही लघवीची तपासणी व सोनोग्राफी झाल्यावरच. देऊ केलेली रक्कम लघवीच्या कल्चर तपासणीची सोय आपल्या प्रयोगशाळेत करण्यासाठी वापरावी, अशी विनंती देणगीदारांना करण्यात आली. आजवर हे नमुने नागपूरला पाठवावे लागत आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाला अंदाजाने प्रतिजैविके द्यावी लागत. जंतू औषधांना दाद देईनासे होण्यामागे हे अंदाजाचे औषध मोठे कारण आहे. देणगीदार प्रथम नाराज झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. स्मृतिफलकावर जे लिहावे असे त्यांच्या मनात होते, ते आता लिहिता येणार नव्हते. काही दिवसांनी त्यांनी स्वतः येऊन प्रयोगशाळा पाहिली, नमुना कसा वाढवितात ते समजून घेतले आणि संमती दिली. मंडळ त्यांचे ऋणी आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी थोडे. घरगुती उपायांना आमचा विरोध नाही. धण्याचे किंवा जवाचे पाणी यांतील मोठा गुण बहुधा पाण्याचाच आहे, आणि तो लहान गुण नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांच्या एका चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, निम्म्या स्त्रियांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. पण पाणी प्या असे सांगणे सोपे आहे. कामाच्या ठिकाणी आडोसा नसतो म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या आणि लघवी दाबून ठेवणाऱ्या भगिनी आमच्याकडे रोज येतात. त्यांना आम्ही काय सल्ला द्यावा? शेतमालकांनी, भट्टीमालकांनी आणि कंत्राटदारांनी स्त्रियांसाठी कामाच्या जागी निदान एक बंदिस्त स्वच्छतागृह उभारले, तर आमच्या औषधांचा खप नक्की घटेल. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वाढवू नये.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कमरेत कळ, उलट्या, लघवीतून रक्त, अथवा कित्येक तास लघवी न होणे, यांपैकी काहीही झाल्यास कोणताही घरगुती, देशी किंवा चिनी उपाय करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. खड्याने वाट अडली असताना मागे जंतुसंसर्ग झाला तर मूत्रपिंडात पू भरतो आणि काही तासांत जिवावर बेतते. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि लहान मुले यांच्या बाबतीत साध्या जळजळीसाठीही थांबू नये.

तपासणीसाठी लघवी देताना पहिली धार सोडून मधली धार बाटलीत धरावी आणि शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच नमुना द्यावा. येताना घरी चालू असलेली सर्व औषधे सोबत आणावीत. गोळ्या, काढे, चूर्णे, कोणी दिलेल्या पुड्या, रिकामी पाकिटेसुद्धा. त्यावरून आम्ही कोणासही रागावणार नाही.